एक्सआरएफ रिपोर्टमध्ये 'टायटॅनियम' आलं म्हणजे चित्र नकली समजायचं का?

सायली_त

नमस्कार मंडळी. घरात एक छोटं तैलचित्र आहे, साधारण १४ बाय १० इंच, पुठ्ठ्यावर केलेलं. घाटातलं दृश्य, वर पावसाळी पांढुरकं आभाळ. चुलत आजोबांना चित्रकाराने स्वतःच्या हाताने दिलं असं घरात सांगतात. पाठीमागे पेन्सिलीने १९१३ साल आणि एक सही. चित्रकाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल.

वाटणीचा विषय निघाला तेव्हा दादाने एका खाजगी संस्थेकडून तपासून घेतलं. त्यांनी एक्सआरएफचं, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं, हातात धरायचं यंत्र आभाळावर एका ठिकाणी टेकवलं आणि दीड पानी रिपोर्ट दिला. शेवटची ओळ जशीच्या तशी: "टायटॅनियम आढळले. टायटॅनियम व्हाइट १९२० नंतर वापरात आले, सबब चित्र १९१३ चे नाही." आता दादा म्हणतो विषय संपला, आणि आत्या म्हणते की तिच्या काकांना खोटं ठरवलं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

माझा प्रश्न: हे इतकं सरळ असतं का? एक ठिपका, एक मूलद्रव्य, की झाला निकाल?

बोंबील

वरच्या पांढऱ्यावरून आतला माणूस ओळखता येत नाही हे आपल्या पुढाऱ्यांनी कधीच सिद्ध केलंय. चित्राचं काय घेऊन बसलात.

मेधा२२

एक्सआरएफ म्हणजे सराफाकडे कॅरेट मोजायला ठेवलेलं असतं तेच ना? मग रविवार पेठेत कुणा ओळखीच्या सराफाकडे न्या की, दुसरं मत मिळेल. फुकटात.

वेताळ

@मेधा२२ आणि रिपोर्ट येईल: आभाळ २२ कॅरेट, घाट १८, घडणावळ वेगळी.

पटवर्धन_नव्हे

थट्टा पुरे. रिपोर्टचा नियम बरोबर आहे आणि याच नियमावर युरोपातली मोठी भानगड बाहेर आली. वोल्फगांग बेल्ट्राकी नावाचा जर्मन गृहस्थ. जुन्या चित्रकारांची चित्रं नक्कल करत नसे, तर त्यांनी काढलीच असती अशी नवी चित्रं काढायचा. हाइनरिश काम्पेनडोंकच्या नावावर त्याने 'घोड्यांसह लाल चित्र' केलं, साल १९१४ दाखवलं. २००६ मध्ये कोलोनच्या लिलावात ते २८.८ लाख युरोंना गेलं. घेणाऱ्यांनी नंतर तपासणी करून घेतली आणि रंगात टायटॅनियम व्हाइट निघालं. १९१४ मध्ये ते चित्रकाराच्या हाती येणं शक्यच नव्हतं.

गंमत अशी की बेल्ट्राकी याबाबतीत फार जपून असायचा, जुने कॅनव्हास वापरायचा, जुने रंग वापरायचा. त्याचं म्हणणं, झिंक व्हाइटची विकतची ट्यूब घेतली, तिच्यात टायटॅनियम मिसळलेलं होतं आणि लेबलवर तसं लिहिलेलं नव्हतं. २०११ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. बायकोला चार वर्षं. तिने तर स्वतःच्या आजीसारखा वेश करून, मागे ती चित्रं लावून, जुन्या कागदावर कृष्णधवल फोटो काढून घेतला होता, घराण्याचा संग्रह आहे हे पटवायला!

तेव्हा सायली, वाईट वाटेल, पण टायटॅनियम निघालं असेल तर निघालं.

नाना_वाईकर

पटवर्धन नसलेल्या पटवर्धनांनी एक गोष्ट गाळली. त्या प्रकरणात संशय नुसता रंगावरून आला नव्हता. चित्रांच्या मागे फ्लेश्टहाइम नावाच्या व्यापाऱ्याच्या संग्रहाचं लेबल चिकटवलेलं होतं, तेच बनावट आहे हे जाणकारांनी ओळखलं. मी जेजेत शिकलो, चाळीस वर्षं रंग कालवले, आणि माझं मत असं की चित्र आधी डोळ्यांनी बघावं, मग मागून बघावं, आणि मग हवं तर यंत्र लावावं. हल्ली उलटं चालतं.

कणाद

मी संवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करतो (भारताबाहेर), त्यामुळे थोडं लांबट लिहितो.

पटवर्धन_नव्हे यांचा नियम बरोबर आहे. टायटॅनियम डायऑक्साइडचं, म्हणजेच टायटॅनियम व्हाइट या पांढऱ्या रंगाचं, कारखानी उत्पादन नॉर्वे आणि अमेरिकेत १९१६ च्या सुमारास सुरू झालं आणि चित्रकारांच्या ट्यूबांत ते १९२० च्या दशकात आलं. १९१३ च्या चित्रात ते *मूळ रंग म्हणून* सापडलं तर तारीख खोटी. मला शंका वेगळीच आहे: सापडलंय ते टायटॅनियमच आहे का?

एक्सआरएफमध्ये क्ष-किरण मारले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकतं. टायटॅनियमची मुख्य रेषा ४.५१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला येते. बेरियमची एक रेषा येते ४.४७ ला. हातातल्या यंत्राला हा फरक दिसत नाही, दोन्ही मिळून एकच शिखर उमटतं. सॉफ्टवेअर त्याला जे नाव आधी सुचेल ते चिकटवतं. आणि १९१३ च्या पांढऱ्यात बेरियम असणं अगदी साहजिक आहे. लिथोपोन नावाचा पांढरा रंग म्हणजे बेरियम सल्फेट आणि झिंक सल्फाइड एकत्र, त्याचं पेटंट १८७४ चं. शिवाय स्वस्त ट्यूबांत आणि पुठ्ठ्याच्या अस्तरात बेरियम सल्फेट भर म्हणून सर्रास घालत.

आता ओळखायचं कसं. शेजारच्या रेषा बघायच्या. टायटॅनियमची दुसरी रेषा ४.९३ ला, लहानशी. बेरियमची दुसरी ४.८३ ला आणि चांगली ठसठशीत, शिवाय पुढे ५.१६ आणि ५.५३ लाही छोट्या रेषा. सायली, रिपोर्टमध्ये आलेख असेल तर ४ ते ६ मधला भाग बघा. आणि यंत्र किती किलोव्होल्टवर चालवलं ते कुठेतरी बारीक अक्षरात असेल, तेही सांगा.

आणखी एक. गेरू, पिवडी, सिएना या मातीच्या रंगांत टायटॅनियम अंगचंच असतं, थोडंसं. क्ष-किरण वरच्या थरावर थांबत नाहीत, खालचे थर, अस्तर, सगळ्याची बेरीज येते. त्यामुळे किडुकमिडुक शिखर बघून 'टायटॅनियम व्हाइट' लिहिणं हा उतावीळपणा.

सराफाच्या यंत्राबद्दल: तत्त्व तेच, पण ते सोन्याच्या मिश्रधातूंसाठी बसवलेलं असतं. नेऊ नका.

मेधा२२

बापरे! म्हणजे अडीच पानं गाळून दीड पानात उरकलेला रिपोर्ट.

पटवर्धन_नव्हे

@कणाद बेरियमचा मुद्दा मान्य, हे माहीत नव्हतं. पण उलट बाजूनेही बघा. दोन्ही असू शकतात ना? सुरुवातीचं टायटॅनियम व्हाइट शुद्ध नव्हतंच, बेरियम सल्फेटवर चढवलेलं असायचं असं वाचलंय. मग बेरियम सापडलं म्हणून टायटॅनियम सुटलं असं कसं म्हणता?

कणाद

बरोबर, म्हणूनच 'शंका' म्हणालो. एक्सआरएफ फक्त मूलद्रव्य सांगतं, संयुग नाही. जस्त सापडलं तर ते झिंक व्हाइटमधलं की लिथोपोनमधलं, ते सांगत नाही. तिथे रामन, म्हणजे लेझरने संयुग ओळखायची तपासणी लागते.

नाना_वाईकर

तिसरी शक्यता मी सांगतो, आणि ती प्रयोगशाळेत बसून सुचायची नाही. घाटावरच्या घरात ओल येते. पुठ्ठ्याचा कोपरा फुगतो, रंगाचे पापुद्रे उडतात. मग मालक चित्र कुठे नेतो? फ्रेमवाल्याकडे. फ्रेमवाला काच कापता कापता हाताला येईल तो पांढरा रंग घेऊन आभाळ भरून देतो, वर वॉर्निश मारतो, आणि दिवाळीपर्यंत चित्र भिंतीवर. अशी किती चित्रं मी बघितली आहेत! त्या संस्थेने यंत्र नेमकं दुरुस्तीवर टेकवलं असेल तर टायटॅनियम सापडणारच, आणि चित्र तरीही जुनं असेल. अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिवा धरा. जुनं वॉर्निश हिरवट चमकतं, त्यावर केलेली दुरुस्ती काळ्या डागासारखी दिसते.

बोंबील

अंधाऱ्या खोलीत निळा दिवा आणि चाळीस वर्षं रंग कालवलेले नाना. आत्याला आधी कल्पना द्या.

दूरदेशी

मी बॉस्टनजवळ असते, नकली-असलीच्या पलीकडचा एक किस्सा. मार्क रॉथकोने हार्वर्डसाठी १९६० च्या दशकात मोठी भित्तिचित्रं केली, एका इमारतीच्या जेवणाच्या हॉलमध्ये लावली. खिडक्या मोठ्या, ऊन थेट आत. काही वर्षांत गडद लालभडक पार्श्वभूमी उडून कुठे फिकट निळसर, कुठे राखी. १९७९ मध्ये उतरवून ठेवली. कारण निघालं लिथॉल रेड नावाचं सेंद्रिय लाल रंगद्रव्य, छपाईच्या शाईतलं, उन्हात न टिकणारं. २०१४ मध्ये ती पुन्हा प्रदर्शनात मांडली तेव्हा वर ब्रश लावलाच नाही. प्रोजेक्टरने चित्राच्या प्रत्येक बिंदूवर नेमका कमी पडलेला रंग प्रकाशाने टाकला. संध्याकाळी प्रोजेक्टर बंद करायचे तेव्हा लोक मुद्दाम थांबायचे, मूळ अवस्था बघायला.

@कणाद लिथॉल रेड तुमच्या एक्सआरएफला दिसेल का?

कणाद

जवळपास नाही. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन यांचे किरण इतके दुबळे की हवेतच विरतात. लिथॉल रेडच्या कॅल्शियम क्षारात फार तर कॅल्शियम दिसेल, आणि कॅल्शियम तर खडूच्या अस्तरातही असतं. विसाव्या शतकातल्या चित्रांची खरी अडचण हीच. जुन्या चित्रात शिसं, पारा, तांबं, कोबाल्ट असे दणदणीत धातू. विसाव्या शतकात ट्यूबांत कारखान्यातले सेंद्रिय रंग मोठ्या प्रमाणावर शिरले. तिथे रामन किंवा इन्फ्रारेडशिवाय गत्यंतर नाही.

रामनमध्ये लेझरचा बारीक ठिपका रंगावर टाकायचा. परत येणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, रेणू कसा कंप पावतो त्यानुसार. त्या बदलाचा आलेख प्रत्येक रंगद्रव्याचा वेगळा. टायटॅनियम व्हाइटचंच उदाहरण: त्याचे दोन स्फटिकरूप, अनाटेज आणि रुटाइल. अनाटेज १४४ ला उंच शिखर देतं, रुटाइल ४४७ आणि ६१२ ला. रुटाइलचा पांढरा रंग १९४० च्या आसपास बाजारात आला. म्हणजे एकाच रंगात दोन तारखा दडलेल्या असतात, आणि एक्सआरएफला दोन्ही सारख्याच.

पण लेझर जोरात मारला तर रंग जळतो. शेंदरासारखे शिशाचे रंग तर ठिपक्याखाली पिवळे पडतात. आणि जुनं वॉर्निश स्वतःच इतकं चमकतं की आलेखाच्या जागी नुसता डोंगर दिसतो. मग तांबड्या-अवरक्त लेझरवर जायचं आणि धीर धरायचा.

वेताळ

१९२८ हे साल काय होतं बघा. २८ फेब्रुवारीला कोलकात्यात रामन परिणाम सापडला. त्याच साली स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथच्या रंगाच्या कारखान्यात फ्थॅलिमाइड बनवताना काचेचं अस्तर तडकलं, आतलं लोखंड मिसळलं आणि गडद निळा पदार्थ निघाला. त्यातूनच पुढे तांब्याचं फ्थॅलोसायनिन, म्हणजे आपला फ्थॅलो ब्लू, १९३५ मध्ये बाजारात. आज नकली चित्रातला फ्थॅलो ब्लू पकडायला रामनच वापरतात. चोर आणि पोलीस एकाच वर्षीचे.

मेधा२२

@वेताळ हे भारी आहे!

अवांतर: ते गोमूत्राच्या पिवळ्या रंगाचं खरं आहे का? लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं.

नाना_वाईकर

इंडियन यलो. बिहारात मुंगेरजवळ गायींना आंब्याची पानं खायला घालून त्यांच्या मूत्रापासून करायचे, असं त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी १८८३ मध्ये लिहून ठेवलं. बरीच वर्षं लोक म्हणायचे थाप आहे.

कणाद

थाप नाही. जुन्या नमुन्यांच्या अलीकडच्या विश्लेषणात मूत्राकडे बोट दाखवणारं हिप्युरिक आम्ल मिळालं. आणि तो रंग अल्ट्राव्हायोलेटखाली झगझगीत पिवळा दिसतो, नानांच्या दिव्याने ओळखता येईल.

गोठ्यातला_गुरू

म्हणजे आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, पण इंग्रजांनी

संपादक

वरच्या प्रतिसादापुढचे नऊ प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. गोठा आणि राजकारण यांसाठी वेगळे धागे आहेत. चित्राकडे वळावे.

पटवर्धन_नव्हे

वळतो. नाना 'आधी डोळे' म्हणाले, त्यावर माझा उतारा. न्यूयॉर्कची नॉडलर गॅलरी, १८४६ पासूनची. १५-२० वर्षं तिथून रॉथको, पोलॉक, मदरवेल यांच्या नावाची चित्रं विकली गेली. ती क्वीन्समध्ये राहणाऱ्या एका चिनी चित्रकाराने आपल्या घरी केलेली. मोठमोठ्या जाणकारांनी डोळ्यांनी बघितली आणि मान डोलावली. एक 'पोलॉक' १ कोटी ७० लाख डॉलरला गेला. मग कुणीतरी रंग तपासले, तर त्यात पोलॉक वारल्यावर, म्हणजे १९५६ नंतर, बाजारात आलेली रंगद्रव्यं. २०११ मध्ये गॅलरीला टाळं लागलं. आणखी एका 'पोलॉक'वर तर सहीतलं एक अक्षरच गळालेलं होतं. तेही डोळ्यांना दिसलं नाही!

नाना_वाईकर

जाणकारांचे डोळे नव्हे, गिऱ्हाइकाकडून पैसे येणार असलेले डोळे. फरक आहे. आपल्याकडे २००९ मध्ये दिल्लीत रझांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, उद्घाटनाला साक्षात रझा, आणि भिंतीवरची चित्रं बघून म्हणाले ही माझी नाहीत. तिथे कुठला लेझर होता? चित्रकार हयात होता म्हणून निभावलं.

दूरदेशी

नाना, पण चित्रकार हयात नसेल तेव्हा काय, हाच तर सायलीचा प्रश्न आहे ना.

शुभदा_को

वाचतेय. माझा छोटा प्रश्न. आम्ही गिरगावात राहतो, सासऱ्यांनी केलेली १९६० च्या दशकातली तैलचित्रं आहेत. त्यातला पिवळा फुटल्यासारखा, भुरकट झालाय. उजेड तर फारसा येत नाही खोलीत.

कणाद

कॅडमियम यलो असेल तर ओलावा बघा. मुंकच्या 'किंकाळी'ची १९१० च्या सुमाराची जी प्रत ऑस्लोच्या मुंक संग्रहालयात आहे, तिचा पिवळा असाच सुटत होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्ष-किरणांनी रंगाचे कण तपासले. प्रकाशापेक्षा दमटपणाने जास्त नुकसान होत होतं, कॅडमियम सल्फाइडचं कॅडमियम सल्फेट बनत होतं. आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आत ठेवा असा सल्ला दिला.

शुभदा_को

४५ टक्के?? गिरगावात? जुलैत आमच्याकडे डब्यातलं मीठ ओतता येत नाही हो.

बोंबील

चित्राला फ्रिजमध्ये ठेवा आणि सासऱ्यांना सांगू नका.

कणाद

फ्रिजमध्ये नको! बाहेरच्या भिंतीला टेकवून लावू नका, मागे बोटभर जागा सोडा, पावसाळ्यात त्या खोलीत कपडे वाळत घालू नका. एवढ्यानेही बराच फरक पडेल. आणि पुसू नका, अगदी कोरड्या फडक्यानेही नाही. कॅडमियम विषारी आहे आणि सुटलेला रंग परत बसत नाही.

सायली_त

उशिराबद्दल माफ करा, मधे बरंच काही झालं. रिपोर्टचा आलेख भिंगातून बघितला. ४.४७-४.५ ला मोठं शिखर, ४.८३ ला त्याच्या निम्म्याहून जास्त उंचीचं दुसरं, आणि पुढे दोन बारके. जस्ताचं ८.६ ला सगळ्यात उंच. कोपऱ्यात लिहिलंय १५ किलोव्होल्ट.

मग ओळखीतून एका विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत चित्र नेता आलं. त्यांनी आधी अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला. नाना, तुमचा उजवा कोपरा! वरच्या उजव्या बाजूला तळहाताएवढा काळा डाग, साध्या उजेडात काहीच दिसत नव्हतं. रामन आभाळावर आणि त्या डागावर वेगवेगळं केलं. आभाळात ९८८ ला शिखर, म्हणजे बेरियम सल्फेट म्हणाले. टायटॅनियम व्हाइटचं काहीच नाही. डागात ४४७ आणि ६१२.

दादाला दाखवलं तर आता तो म्हणतो, म्हणजे चित्र अस्सल, किंमत लावू. हे मला जरा जास्तच सोपं वाटतंय.

कणाद

बेरियमची आणखी एक रेषा ३२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला येते, १५ किलोव्होल्टवर ती दिसणारच नव्हती, ती बघायला ४०-५० किलोव्होल्टवर जावं लागतं. म्हणजे त्यांनी खात्री करायचा मार्ग स्वतःच बंद करून मग निकाल दिला. असो.

डागात रुटाइल आहे, म्हणजे दुरुस्ती १९४० च्या आधीची नाही. मूळ आभाळ बहुतेक लिथोपोन किंवा बेरियमची भर घातलेलं झिंक व्हाइट. दोन्ही १९१३ मध्ये मिळत होते. दोन्ही १९३३ मध्येही मिळत होते, १९५३ मध्येही. त्यामुळे दादांना सांगा, रंगावरून चित्राला १९१३ चं म्हणायला हरकत नाही एवढंच ठरलं. सही कुणाची हे लेझर सांगत नाही.

पटवर्धन_नव्हे

हिरव्यात किंवा निळ्यात बघितलं का? घाट आहे म्हणजे हिरवा असणारच. फ्थॅलो निघाला तर १९३५ नंतरचं, विषय संपेल.

सायली_त

नाही बघितलं. पुढच्या खेपेला हिरवा करायचा म्हणाले. आत्याला सोबत नेणार आहे, तिला लेझर बघायचाय.

नाना_वाईकर

सहीसाठी त्या चित्रकाराची त्याच काळातली, खात्रीची दोन-तीन चित्रं शोधा. पुठ्ठा कुठला वापरायचा, मागे सही करायची सवय होती का, पेन्सिलीने की रंगाने. हे कुणाच्या तरी वाड्यात, कुणाच्या तरी माळ्यावर मिळेल.

कणाद, मला एक सांगा. माझ्याकडे १९६०-७० मधल्या बऱ्याच ट्यूबा पडून आहेत, देशी-विलायती दोन्ही. सूनबाई फेकायच्या मागे लागली आहे.

कणाद

नाना, फेकू नका! प्रयोगशाळेला आलेख जुळवून बघायला खात्रीचे नमुने लागतात. हार्वर्डमधल्या फोर्ब्ज संग्रहात अडीच हजारांवर रंगद्रव्यं जपून ठेवली आहेत ती यासाठीच. आपल्याकडच्या त्या काळातल्या देशी ट्यूबांत नेमकं काय भरलेलं होतं याचे नमुने मिळवणं अवघड आहे, आणि त्याच ट्यूबांनी आपले आधुनिक चित्रकार रंगवत होते.

नाना_वाईकर

झाकणं उघडत नाहीत.

कणाद

उघडू नका, आणि गरम पाण्यातही धरू नका, लेबल सुटेल. तळाची दुमडलेली कड बघा, तिथून बहुतेक रंग आधीच बाहेर येऊन सुकलेला असतो. तेवढा कण पुरतो. लेबलचे फोटो दोन्ही बाजूंनी काढा, किंमत छापलेली असेल तर तीही यायला हवी, तिच्यावरून साल लावता येतं.

मेधा२२

नाना, फोटो इथेच टाका. मी यादी करते.